पारव्याच्या चोचीचं वाकडं टोक आणि पिसांतल्या उवा

रानभूल (धागाकर्ता)

मंडळी, खिडकीच्या ग्रिलवर किंवा एसीच्या डब्यावर बसून पिसं साफ करणारा पारवा आपण सगळ्यांनीच बघितलाय आणि बहुतेकांना तो नकोसाच असतो, तरी पुढच्या वेळी हाकलायच्या आधी जरा त्याच्या चोचीचं टोक बघा. वरची चोच खालच्या चोचीच्या किंचित पुढे येऊन खाली वळलेली असते. एखाद-दीड मिलिमीटरचा भाग असेल. मी गेले काही महिने याच विषयावर जे मिळेल ते वाचतोय आणि माझं आता पक्कं मत झालंय की पक्षी आणि त्यांच्या उवा यांची जी काही लाखो वर्षांची ओढाताण आहे ती समजायची तर सुरुवात या टोकापासून करावी.

आधी उवांबद्दल. पक्ष्यांच्या पिसांतल्या उवांना पंख नसतात, त्या उडी मारत नाहीत, आणि पक्ष्याच्या अंगावरून खाली पडल्या तर काही दिवसांत मरतात. जन्म, खाणं, जोडीदार, अंडी सगळं त्याच अंगावर. अंडी म्हणजे लिखा त्या पिसांना चिकटवून ठेवतात. अंड्यापासून मोठी ऊ व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जायचं तर अंगाला अंग लागायला हवं, म्हणून सगळ्यात सोपी वाट म्हणजे आईबापाकडून घरट्यातल्या पिल्लाकडे. थोडक्यात पारव्याचं घराणं चालतं तसं त्याच्या उवांचं घराणंही सोबत चालत राहतं.

पारव्यावर मुख्यतः दोन प्रकारच्या उवा सापडतात. एक कोलंबिकोला कोलंबी, लांबट आणि बारीक, ही पंखांतली ऊ. पंखातल्या मोठ्या पिसांचे जे समांतर तंतू असतात ना त्यांच्या मधल्या फटीत ती आडवी पडून राहते, चोच तिच्यावरून फिरली तरी हाताला काही लागत नाही अशी. दुसरी कॅम्पॅन्युलोटिस कॉम्पार, गोल आणि बुटकी, ही पोटापाठीवरच्या पिसांच्या बुडाशी मऊ लव असते तिच्यात घुसून बसते. गंमत अशी की खायला दोघींना तीच मऊ लव लागते, म्हणजे पंखांतल्या उवेला जेवायला अंगावर यावं लागतं आणि लपायला परत पंखात जावं लागतं. एकाच पक्ष्यावर राहून, एकच अन्न खाऊन दोघींची शरीरं इतकी वेगळी का झाली, तर चोचीपासून वाचायचे दोन वेगळे मार्ग त्यांनी धरले म्हणून.

आता ते टोक. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं पारवे आणि उवांवरच काम करतायत. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पारव्यांच्या वरच्या चोचीचं हे पुढे आलेलं टोक कानशीने घासून काढलं. पक्षी दाणे खाण्यात काही कमी पडले नाहीत, पण अंगावरच्या उवा भराभर वाढल्या. टोक परत वाढू दिलं तेव्हा उवा पुन्हा कमी झाल्या. हाय-स्पीड कॅमेऱ्यात दिसलं की पिसं साफ करताना खालची चोच सेकंदाला तीसेक वेळा पुढे सरकते आणि वरच्या टोकाच्या आतल्या बाजूवर घासली जाते, मध्ये सापडलेली ऊ कात्रीत सापडावी तशी कापली जाते. नुसतं चिमटीत धरून उवा मरत नाहीत, त्यांचं शरीर चपटं आणि चिवट असतं. हे टोक नसेल तर पक्षी दिवसभर पिसं विंचरत बसला तरी उवा पिसांत तशाच.

मला हे वाचून फार भारी वाटलं कारण पक्ष्यांच्या चोचीबद्दल आपण शाळेपासून एकच शिकतो, चोच म्हणजे खायचं हत्यार. गरुडाची अशी, बगळ्याची तशी, सूर्यपक्ष्याची अशी. पण चोचीला दुसरंही काम आहे आणि ते काम न केल्यास पक्षी उपाशी नाही मरत, पण हळूहळू खंगतो. उवा जास्त झाल्या की पिसांची ऊब कमी होते, अंग गरम ठेवायला जास्त ऊर्जा लागते, हे १९९३ साली मोजून दाखवलंय. आणि त्याआधी १९९० मध्ये क्लेटननीच दाखवलं होतं की माद्या उवांनी भरलेल्या नरापेक्षा स्वच्छ नर निवडतात.

तुमच्याकडे काही निरीक्षणं असतील तर लिहा. कबुतरं पाळणारे, कोंबड्या पाळणारे, पक्षी बघणारे सगळ्यांनीच लिहा.

ढाबळवाला_सांगली

लई दिवसांनी कामाचा धागा आला बघा. आमच्याकडं वडलांपासून ढाबळ हाय, गिरेबाज, लक्का, थोडी साधी पाखरं. तुम्ही टोकाचं म्हणताय ते आम्हा कबुतरवाल्यांना असं प्रयोग म्हणून ठाऊक नव्हतं पण ज्या पाखराची चोच वाकडी हाय, म्हणजे वरची एकीकडं खालची एकीकडं, त्याच्या अंगावर उवा नेहमीच जास्त असतात हे आमच्यात कोणालाही विचारा. पंख उजेडाकडं धरला की बारीक रेघा रेघा दिसतात त्या उवाच. आम्ही अशा पाखराला हातानं पावडर लावतो, त्याला स्वतःला जमत नाही म्हणून.

एक विचारायचं होतं. कबुतराच्या अंगावर ती चपटी माशी असते, पिसांत सरसर पळणारी, हातावर बसली तर चावतेपण. त्या माशीच्या पायाला उवा लटकलेल्या बघितल्यात मी. हे काय प्रकरण हाय?

रानभूल (धागाकर्ता)

@ढाबळवाला_सांगली दादा, अहो तुम्ही जे बघितलंय ते बघायला लोक सूक्ष्मदर्शक लावून बसतात! ती माशी म्हणजे स्यूडोलिंकिया कॅनारिएन्सिस, कबुतराचं रक्त पिणारी. ती उडू शकते, ऊ उडू शकत नाही. मग ऊ माशीचा पाय धरते आणि लिफ्ट घेऊन दुसऱ्या पक्ष्यावर जाते. पण ही लिफ्ट जमते पंखांतल्या लांबट उवेला. अंगावरच्या गोल उवेला माशीला धरून राहणं जमत नाही.

आणि यातून फार मोठी गोष्ट निघते. क्लेटन आणि केव्हिन जॉन्सन यांनी कबुतर-होल्यांच्या जातींचा वंशवृक्ष आणि त्यांच्या उवांचा वंशवृक्ष शेजारी शेजारी ठेवून बघितले, २००३ मध्ये. गोल उवांचा वृक्ष यजमानांच्या, म्हणजे ज्यांच्या अंगावर त्या राहतात त्या पक्ष्यांच्या, वृक्षाशी बराचसा जुळतो, म्हणजे कबुतराच्या एका जातीच्या दोन झाल्या की तिच्या उवेच्याही दोन झाल्या असं पिढ्यान्‌पिढ्या घडलंय. पंखांतल्या लांब उवांचा वृक्ष जुळत नाही. त्या मधेच उडी मारून भलत्याच जातीवर गेलेल्या दिसतात. दोघी एकाच पक्ष्यावर राहतात तरी एकीचा इतिहास यजमानाशी बांधलेला आणि दुसरीचा मोकळा, आणि फरकाचं एक मोठं कारण ही तुमची चपटी माशी.

वैशाली_जीवशास्त्र

खूप छान लिहिलंय पण एक शंका. मी अकरावी-बारावीला शिकवते, मुलं हाच प्रश्न विचारतात म्हणून इथे विचारते. सहउत्क्रांती म्हणायची तर दोन्ही बाजू एकमेकांमुळे बदलायला हव्यात. वंशवृक्ष जुळले म्हणजे सहउत्क्रांती झाली असं होत नाही, ऊ नुसती मागेमागे गेली असंही असू शकतं, पक्ष्याच्या जाती डोंगरामुळे नाहीतर नदीमुळे वेगळ्या झाल्या आणि अंगावरचं बिऱ्हाडही आपोआप वेगळं झालं. उवेनं पक्ष्याला बदललं याचा पुरावा काय आहे?

रानभूल (धागाकर्ता)

@वैशाली_जीवशास्त्र ताई, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. वंशवृक्ष जुळणं हा सहप्रवासाचा पुरावा आहे, एकमेकांना बदलल्याचा नाही.

पक्ष्याच्या बाजूचा पुरावा मला त्या टोकातच दिसतो. उवा मारायच्या तर टोक जितकं लांब तितकं चांगलं असं वाटेल, मग ते वाढत का नाही गेलं? कारण खालची चोच त्यावर जोरात घासते आणि लांब टोक मोडतं. त्याच अभ्यासात दिसलं की फार लांब टोकं जास्त मोडतात, फार आखूड टोकांनी उवा मरत नाहीत, आणि पारव्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते मधल्या लांबीचं. खाण्याशी ज्याचा संबंध नाही असा चोचीचा भाग एका ठराविक मापाला येऊन थांबलाय आणि ते माप एकीकडे उवा आणि दुसरीकडे मोडतोड यांनी ठरवलंय. फक्त पारव्यातच नाही, पेरूच्या जंगलातल्या कितीतरी जातींच्या पक्ष्यांमध्येही टोकाची लांबी आणि उवांची संख्या यांचा संबंध तपासला गेलाय आणि तिथेही असंच काहीसं निघालंय.

वैशाली_जीवशास्त्र

हे मला पटलं. निवड दोन बाजूंनी खेचतेय हे उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे. तरीही मी म्हणेन की दोन बाजूंचा वेग सारखा नाही. उवेची पिढी महिन्याभरात बदलते आणि पारव्याची बदलायला कितीतरी पट जास्त वेळ लागतो, त्यामुळे या शर्यतीत ऊ नेहमी जास्त वेगाने बदलताना दिसणार. पक्ष्याच्या बाजूचा बदल आपल्या आयुष्यात डोळ्यांनी दिसणं कठीण आहे, उवेच्या बाजूचा दिसू शकतो. कोणी तसा प्रयोग केलाय का?

गुणसूत्र

केलाय ना, आणि मला वाटतं गेल्या काही वर्षांतल्या उत्क्रांतीच्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी तो आहे. सविस्तर लिहितो.

सॅरा बुश, क्लेटन वगैरे लोकांनी साध्या करड्या पारव्यांवरच्या पंखांतल्या उवा घेतल्या, सगळ्या एकाच जातीच्या, आणि त्या वेगवेगळ्या रंगांच्या कबुतरांवर सोडल्या. काही पांढरी, काही काळी, काही करडी. एका पिंजऱ्यात एकाच रंगाचे पक्षी, म्हणजे उवांची सरमिसळ नको. अर्ध्या पक्ष्यांना चोच नेहमीसारखी वापरू दिली. उरलेल्या अर्ध्यांच्या चोचीत एक छोटी धातूची कडी बसवली, ती असली की पक्षी खाऊ शकतो पण चोचीची टोकं पूर्ण मिटत नाहीत म्हणून उवा मारता येत नाहीत. आणि मग चार वर्षं थांबले. चार वर्षं म्हणजे उवांच्या साधारण ६० पिढ्या. निकाल २०१९ मध्ये आला.

पांढऱ्या कबुतरांवरच्या उवा फिक्या होत गेल्या, काळ्यांवरच्या गडद. पण फक्त जिथे पक्षी पिसं साफ करू शकत होते तिथेच! कडी लावलेल्या पक्ष्यांवर पांढरा काय काळा काय, उवांचा रंग बदलला नाही. म्हणजे रंग बदलवणारी गोष्ट पिसाचा रंग नव्हे, चोच. पक्ष्याला जी ऊ दिसते ती तो टिपतो, जी दिसत नाही ती उरते आणि तिची पिल्लं पुढे जातात. आणि चार वर्षांत जेवढा फरक पडला तो याच प्रकारच्या उवांच्या लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या जातींमध्ये जेवढा दिसतो त्या तोडीचा होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे परत परत तपासले.

याला जोड म्हणून निसर्गातला पुरावाही आहे, तो आधीचा, २०१० चा. फिक्या आणि गडद पक्ष्यांच्या जोड्या घेऊन त्यांच्या उवांचे रंग मोजले, त्यात ऑस्ट्रेलियातले पांढरे आणि काळे काकाकुवासुद्धा होते. फिक्या पक्ष्यावर फिकी ऊ, गडद पक्ष्यावर गडद ऊ. पण डोक्यावर राहणाऱ्या उवांना हा नियम लागू पडत नाही. कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत कोणाची चोच पोचते? तिथे पायाने खाजवायचं नाहीतर जोडीदाराने साफ करायचं. जिथे चोच पोचत नाही तिथे रंग लपवायची गरजही नाही. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

नदीकाठची_मीरा

अरे वा!! डोक्याचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला.

गुणसूत्र

@नदीकाठची_मीरा थांबा, अजून आहे.

त्याच गटाने दुसरा प्रयोग आकारावर केला, तोही २०१९ मध्येच आला. जायंट रन्ट नावाचं पाळीव कबुतर असतं, साध्या पारव्याच्या तिपटीच्या आसपास मोठं. साध्या पारव्यावरच्या उवा त्याच्यावर सोडल्या, चार वर्षांत त्या उवा आकाराने मोठ्या झाल्या. मग मोठ्या पक्ष्यावरच्या उवा आणि लहान पक्ष्यावरच्या उवा यांची जोडी लावून बघितली. या उवांमध्ये मादी नरापेक्षा मोठी असते आणि मीलनाच्या वेळी नर तिच्या खाली जाऊन मिशांनी तिला धरून ठेवतो. दोघांच्या मापात ठराविक फरक असेल तरच हे जमतं. नर खूप लहान आणि मादी खूप मोठी झाली की नीट पकडताच येईना, आणि अंडीही कमी. म्हणजे नवी जात तयार व्हायची जी पहिली पायरी, आपसांत प्रजनन न होणं, ती एका प्रयोगशाळेत चार वर्षांत सुरू झालेली दिसली. कारण काय तर यजमान मोठा!

मोठ्या पक्ष्यावर मोठी ऊ हा नियम जुना आहे, लॉन्सलॉट हॅरिसन नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९१५ मध्येच लिहून ठेवलंय. पण कारण आता कळतंय. पंखांतल्या उवेला पिसांच्या तंतूंमधल्या फटीत मावायचं असतं, पक्षी मोठा तर फट मोठी. आणि कबुतरवर्गात हा नियम पंखांतल्या उवांमध्ये दिसतो, लवेत घुसणाऱ्या गोल उवांमध्ये दिसत नाही. तिला फटीत मावायचंच नाहीये ना.

रानभूल (धागाकर्ता)

@गुणसूत्र फारच छान मांडलंत. यात २००३ चा प्रयोगही जोडतो म्हणजे चित्र पुरं होईल. पारव्यावरच्या उवा उचलून वेगवेगळ्या आकाराच्या दुसऱ्या कबुतर-होल्यांवर सोडल्या. आधी सगळ्यांना वाटायचं की परक्या पक्ष्यावर ऊ टिकत नाही कारण तिथलं पीस तिला पचत नसेल किंवा धरून राहता येत नसेल. तसं नाही निघालं. परक्या पक्ष्याच्या चोचीत कडी लावली तर उवा तिथे मजेत राहिल्या, खाल्लं, वाढल्या. कडी काढली की आपल्या मापापेक्षा वेगळ्या पक्ष्यावरून त्या नाहीशा होऊ लागल्या. आपल्याला जे वाटतं की अमुक ऊ अमुक पक्ष्याचीच, ते बंधन चोचीने घातलेलं आहे.

कोकणी_माणूस

मी गुहागरजवळ गावरान कोंबड्या पाळतो, शंभराच्या आत आहेत, मोठा फार्म नाही. हे सगळं वाचून एकच विचारतो. लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या, फार्मवर डीबीकिंग करतात, चोच कापतात, कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून. मग त्यांना उवांचा त्रास जास्त होत असणार ना तुमच्या हिशोबाने? आमच्या गावरानला आम्ही कधी चोच कापत नाही, त्या दिवसभर मातीत लोळतात, राखेच्या ढिगात लोळतात, आणि उवा असतात पण कोंबडी खंगेल इतक्या नाही होत.

गुणसूत्र

@कोकणी_माणूस अगदी बरोबर ओळखलंत. कॅलिफोर्नियात पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवर हाच अभ्यास झालाय, २०१० चा. चोच कापलेल्या कोंबड्यांवर उवा आणि पिसांतले माइट (गोचिडीच्या गटातले अगदी बारीक जीव) दोन्ही चोच शाबूत असलेल्यांपेक्षा बरेच जास्त सापडले. कोंबडीच्या अंगावरची ती पिवळसर ऊ, मेनाकॅन्थस, ही पारव्याच्या उवांपेक्षा वेगळ्या गटातली आहे आणि ती पिसाबरोबर रक्तही घेते, म्हणून कोंबडीला तिचा त्रास जास्त.

मातीत लोळण्याचाही उपयोग होतो. धुळीच्या पेटीत गंधक किंवा केओलिन माती घालून दिली तर ती वापरणाऱ्या कोंबड्यांवर उवा कमी होतात हेही त्याच भागात तपासलंय.

रानभूल (धागाकर्ता)

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. युटामध्ये टोक घासून जे मुद्दाम केलं तेच जगभरच्या पोल्ट्रीत लाखो कोंबड्यांवर होतंय, आणि नंतर उवा वाढल्या म्हणून औषध फवारतात. पक्ष्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं औषध आपणच कापून टाकतो. टोचाटोचीचा प्रश्न खरा आहे हे मान्य, पण त्यावर जागा वाढवणं, पक्ष्याला काहीतरी करायला देणं असे मार्ग आहेत आणि निदान हिशोब मांडताना उवांचा खर्च त्यात धरायला हवा.

मनीषा_ठाणे

मला फक्त एक सांगा, आमच्या बाल्कनीत कबुतराने घरटं केलंय आणि आईला हातावर पुरळ उठलंय. या उवा आपल्याला चावतात का?

गुणसूत्र

@मनीषा_ठाणे नाही, पिसांतल्या उवा माणसावर राहू शकत नाहीत. घरट्याजवळ खाज आणि पुरळ येतं ते बहुतेक वेळा माइटमुळे, बारीक लालसर ठिपक्यासारखे असतात, ते घरट्यात आणि भिंतीच्या फटीत राहतात आणि रात्री बाहेर येतात, पिल्लं उडून गेली की उपाशी होऊन माणसाला चावतात. पिल्लं गेली की घरटं पिशवीत बांधून टाका, फटी साफ करा, विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून मास्क लावून काढा. आणि आईंना त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मनीषा_ठाणे

थँक्यू!

खाडीकिनारा

ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला दरवर्षी जातो म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो, या धाग्यात बसतं. फ्लेमिंगो कोणाचा नातेवाईक यावर जुन्या काळी खूप वाद होता, काही म्हणत करकोच्याचा, काही म्हणत बदकाचा. बदकवाल्यांचा एक मोठा पुरावा उवांचा होता. फ्लेमिंगोच्या अंगावरच्या उवा बदकं-हंसांच्या उवांच्या प्रकारातल्या आहेत. पुढे डीएनए आल्यावर फ्लेमिंगोचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले डुबकी मारणारे ग्रीब, म्हणजे आपली टिबुकली ज्या कुळातली ते! मग उवांचं काय? २००६ मध्ये उवांचाही डीएनए तपासला तेव्हा दिसलं की फ्लेमिंगोच्या आणि ग्रीबच्या उवा जवळच्या नातेवाईक आहेत, म्हणजे त्या दोघांच्या पूर्वजांकडूनच आलेल्या, आणि बदकांवर त्या फ्लेमिंगोवरून गेलेल्या आहेत.

माझा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढते, पावशा सातभाईच्या. त्यांना आईबापाचा स्पर्शच होत नाही. मग त्यांच्या अंगावर कोणाच्या उवा?

रानभूल (धागाकर्ता)

@खाडीकिनारा वा, काय प्रश्न काढलात! कोकिळेच्या युरोप-आशियातल्या भावंडावर, साध्या ककूवर, जपानमध्ये हे काम झालंय, ब्रूक आणि नाकामुरा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. परक्या घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ककूच्या पिल्लांवर उवा नव्हत्याच. मोठ्या ककूंवर मात्र खास ककूच्याच जातीच्या उवा. म्हणजे त्या मोठं झाल्यावर दुसऱ्या ककूच्या संगतीत लागल्या असणार, सगळ्यात शक्य म्हणजे मीलनाच्या वेळी. बाकी पक्ष्यांत ऊ आईकडून पिल्लाकडे येते, इथे जोडीदाराकडून.

बघा ना, आपली जात न बघता वाढलेला पक्षी, आणि त्याची ऊ मात्र हा सगळा वळसा घालून त्याच्यापर्यंत पोचते.

सडेतोड

वाचायला रंजक आहे हे खरं, पण शेवटी परजीवी ते परजीवी. नष्ट झाले तर कोणाचं काय बिघडतं? औषध मारा आणि विषय संपवा.

वैशाली_जीवशास्त्र

@सडेतोड पाळीव पाखरांना औषध मारायला माझा विरोध नाही. पण "नष्ट झाले तर" हे आधीच घडलंय म्हणून लिहिते. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे अमेरिकेतलं मोठं गिधाड, ते १९८७ मध्ये जगात फक्त २७ उरले होते, ते सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले. वाढवताना त्यांना उवांचं औषध दिलं. त्यांच्या अंगावर एक ऊ होती, कॉल्पोसिफॅलम कॅलिफोर्निसी, ती दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यावर राहत नव्हती. कॉन्डॉर वाचले, आज परत आकाशात आहेत, ती ऊ कायमची गेली. पक्षी वाचवणाऱ्यांनीच एक जात संपवली आणि त्या उवेने कॉन्डॉरचं काही फार वाईट केलं असा पुरावाही नव्हता.

उलट उदाहरण पॅसेंजर पिजनचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आता नामशेष झालेल्या कबुतराचं. शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तिच्या जातीच्या जुन्या नमुन्यांवरची ऊ १९३७ मध्ये वर्णन केली गेली आणि पक्ष्याबरोबर तीही संपली असं धरून तिला एक्स्टिंक्टस, म्हणजे नामशेष, हेच नाव मिळालं. १९९९ मध्ये क्लेटन आणि रॉजर प्राइस यांनी दाखवलं की तीच ऊ बँड-टेल्ड पिजन नावाच्या कबुतरावर जिवंत आहे. रानभूल यांनी वर सांगितलं तसं पंखांतली ऊ एकाच यजमानाला बांधलेली राहत नाही, म्हणून ती वाचली. कॉन्डॉरच्या उवेला दुसरं घर नव्हतं.

जीवाश्माचंही सांगते. जर्मनीत एकफेल्डला ४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची ऊ सापडली आहे आणि तिच्या पोटात पिसाचे तुकडे होते. इतकी जुनी ही सोबत आहे. एका इंजेक्शनने ती संपवताना निदान आपण काय करतोय हे माहीत असावं एवढंच माझं म्हणणं.

सडेतोड

कॉन्डॉरचं माहीत नव्हतं. वाचून बघतो. पण निधी मर्यादित असताना आधी पक्षी वाचवायचा की ऊ, यात मी पक्ष्याच्याच बाजूने राहणार.

वैशाली_जीवशास्त्र

त्यात वाद नाहीच. कॉन्डॉरच्या वेळी दोन्ही वाचवता आले असते, थोड्या पक्ष्यांना औषध दिलं नसतं तरी पुरलं असतं.

ढाबळवाला_सांगली

धागा परत परत वाचला. माझ्या ढाबळीत पांढरा लक्का पण हाय आणि काळी पाखरं पण हायत. सगळी एकत्र. मग पांढऱ्यावर फिक्या आणि काळ्यावर गडद उवा दिसायला पायजेत का? आज बघितलं तर पांढऱ्याच्या पंखातपण काळपटच दिसल्या.

गुणसूत्र

@ढाबळवाला_सांगली एकत्र ढाबळीत तसा फरक साठत नाही. पाखरं एकमेकांना लागून बसतात, तुमची ती चपटी माशी उवांची ने-आण करते, त्यामुळे पांढऱ्यावरच्या आणि काळ्यावरच्या उवा सारख्या मिसळत राहतात. युटामध्ये चार वर्षं रंग वेगळे ठेवले होते म्हणून ते घडलं. शिवाय तुमची पाखरं हातानं पावडर लावून घेतात, म्हणजे निवड करायला चोचीला फारसं काही उरतच नाही, पावडर रंग बघून मारत नाही.

ढाबळवाला_सांगली

पटलं. दोन जोड्या पांढऱ्या वेगळ्या खोप्यात टाकतो, पावडर बंद. माशी आत येऊ नये म्हणून बारीक जाळी लावायला लागंल. फोटो कसा काढू? मोबाईलवर नुसतं धूसर येतंय.

रानभूल (धागाकर्ता)

@ढाबळवाला_सांगली पंख हलक्या हाताने उघडा, मोठी पिसं खिडकीच्या उजेडासमोर धरा म्हणजे प्रकाश मागून येईल आणि तंतूंच्या मधली ऊ रेघेसारखी उठून दिसेल. मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळते ती लावा आणि पाखरू दुसऱ्या कोणालातरी धरायला सांगा. दर वेळी तेच पीस, तोच उजेड, आणि बाजूला एक पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या फोटोशी रंग ताडून बघता येणार नाही. पाखराच्या चोचीच्या टोकाचाही एक फोटो बाजूने घ्या, टोक मोडलेलं असेल तर ते पाखरू प्रयोगात घेऊ नका.

आणि पावडर बंद केल्यावर उवा फार वाढतायत, पिसांना भोकं पडतायत असं दिसलं तर लगेच थांबवा, पाखराचे हाल नकोत.

ढाबळवाला_सांगली

व्हय, ते तर आधी. रविवारी जाळी लावतो आन् फोटो टाकतो इथंच.